स्क्वालेन, शार्क आणि सुरकुत्या: सौंदर्यप्रसाधनांना समुद्र हवाच कशाला?

सागरगोटा:
'चिरतारुण्यासाठी समुद्राचं देणं' असं छापलेल्या बाटल्या हल्ली उदंड झाल्यात. माझं मत स्पष्ट आहे: चेहऱ्याला लावायच्या वस्तूंसाठी समुद्राला हातच लावू नये.

क्रीममध्ये त्वचा मऊ करायला घालतात त्या स्क्वालेन तेलाचंच बघा. ते ज्या स्क्वालिनपासून बनतं, ते आपल्या त्वचेच्या तेलातही असतं, साधारण दहावा हिस्सा. पण त्याचा मोठा साठा खोल पाण्यातल्या शार्कच्या यकृतात. जपानचे रसायनतज्ज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना 1906 मध्ये ते तिथेच सापडलं. शार्कला हवेची पिशवी नसते, तेलकट यकृतामुळे ती बुडत नाही. अशाच खोल पाण्यातल्या गल्पर शार्कला एका वेळी जेमतेम एक-दोन पिल्लं, तीही दीर्घकाळ पोटात वाढवून. मालदीवमध्ये 1980 च्या सुमारास यकृतासाठी यांची मासेमारी सुरू झाली आणि काही वर्षांतच पकड घसरली. 2010 मध्ये तिथे सगळ्याच शार्कमारीवर बंदी आली.

निर्गुडी:
ताई, एका शार्कपायी अख्ख्या समुद्रावर काट? युनिलिव्हर आणि लॉरेआलने शार्कचं स्क्वालेन सोडत असल्याचं 2008 मध्येच जाहीर केलं. आता ते ऑलिव्ह तेल शुद्ध करताना उरणाऱ्या भागातून काढतात, नाहीतर उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून.

आणि मंडपमच्या बायकांचं काय करायचं? रामेश्वरमजवळ बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून त्या समुद्री शेवाळ लावतात. दीडेक महिन्यात कापणी. खत नको, गोडं पाणी नको. बहामाच्या समुद्रात एक मऊ प्रवाळ आहे, त्यातून स्यूडोटेरोसिन नावाचं दाह कमी करणारं द्रव्य मिळतं. त्याच्या फांद्या मेंदी छाटावी तशा बुडखा राखून कापतात, परत फुटतात. यात कोण मेलं?

सागरगोटा:
मंडपमचं शेवाळ मुख्यतः कॅरेजीननसाठी जातं, म्हणजे क्रीम दाट करायला. त्याचा सुरकुत्यांशी काय संबंध? जाहिरातीत मात्र तेच 'सागरी अर्क' होऊन बसतं.

बाटलीतला_केमिस्ट:
दोघांनाही थोडं बोलतो. 'सागरी' क्रीममध्ये घालतात त्या माशाच्या खवल्यांतल्या अखंड कोलॅजनचा (त्वचेला ताठ ठेवणाऱ्या प्रथिनाचा) रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा; डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप. त्वचेतून आत शिरायची ढोबळ मर्यादा 500. म्हणजे हे प्रकरण वरच बसणार, थोडा ओलावा धरणार आणि सकाळी तोंड धुतलं की बेसिनमध्ये जाणार. तुकडे करून विकतात, तेही बहुतेक या मर्यादेच्या वरचेच.

स्क्वालेन चांगलं आहे, मीही वापरतो. चिकट होत नाही, कोरडी कातडी मऊ पडते, कोरडेपणाच्या बारीक रेषा कमी दिसतात. सुरकुती पुसत नाही. त्यासाठी ज्यांचा पुरावा भक्कम आहे ती सनस्क्रीन आणि रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीची द्रव्यं. त्यांना मासा लागत नाही.

देवगडचो:
माका एक सांगा, आमच्या जाळ्यात मुशी (मोरी, म्हणजे शार्क) आली तर ती काय परत सोडायची? मोरीचं मटण मालवणात कोण टाकून देत नाही. यकृताचं तेल पूर्वी होडीच्या फळ्यांना लावायचे. आता होड्या फायबरच्या, ते तेल कोण विचारतो? मेलेल्या मुशीचं यकृत फेकण्यापेक्षा चार पैसे मिळाले तर त्यात पाप कसलं?

सागरगोटा:
दादा, पाप नाही. पण किनाऱ्याजवळच्या मुशीच्या यकृतात स्क्वालिन फारसं नसतं, कंपन्यांना ती नकोच असते. माझी भीती वेगळी आहे. भाव आला की चुकून येणारा मासा मुद्दाम आणला जातो. गुजरातेत व्हेल शार्क आधी होड्यांच्या तेलासाठी मारत. मग मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि शिकार वाढली. शेवटी 2001 मध्ये कायद्याने संरक्षण द्यावं लागलं.

देवगडचो:
ता बरोबर. पण मग बाटलीत शार्क आहे की ऊस, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?

बाटलीतला_केमिस्ट:
बाटली बघून नाही कळत. घटकांच्या यादीत नुसतं 'स्क्वालेन' असतं. प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) ऊस, ऑलिव्ह आणि शार्क वेगळे ओळखता येतात, कारण रेणू तोच असला तरी आतला कार्बन कुठून आला याची खूण राहते. रेणू तोच, म्हणजे त्वचेला फरक शून्य. तरी शार्कचं स्क्वालेन बाजारात टिकून आहे, कारण यकृताच्या तेलातून ते झटपट शुद्ध निघतं आणि ऑलिव्हला बराच वेळ जातो.

निर्गुडी:
म्हणजे भांडण शार्कशी आहे. मग माझ्या शेवाळाला आणि प्रवाळाला त्यातून वगळा.

सागरगोटा:
शेवाळ वगळलं. प्रवाळ नाही. बुडखा राखतात म्हणे, पण तिथे पाण्याखाली मोजायला कोण बसलंय?