ऊसतोडीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली की नाही, हे कोयत्यानं (तोडणाऱ्या जोडप्यानं) कसं पडताळायचं?

धारूरकर:
पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची वेळ आली. टोळीतल्या बऱ्याच कोयत्यांवर मुकादम ३०-४० हजार बाकी काढतोय. खाडा, म्हणजे कामावर न आल्याचा दंड, दिवसाला ५०० लावलाय. वजनपावती एकाच्याही हातात नाही. वर “फिटल्याबिगर गाडी गावाकडं हलणार नाही” अशी भाषा. हिशोब कुठून धरायचा?

केजचा कारकून:
टनेजपासून. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला ३६६ रुपये धरा. दीड टनानं १२० दिवसांचे १८० टन, म्हणजे ६५,८८० रुपये. दोन टनानं ८७,८४०. उचल लाखाची असेल तर बाकी प्रामाणिक हिशोबातही निघू शकते. पण अर्ध्या टनाच्या फरकात जवळपास २२ हजार अडकलेत, म्हणून वजन तपासा.

काट्यावर वजन होतं ते गाडीचं, कोयत्याचं नाही. मुकादम ते टोळीत वाटून लावतो. गोम तिथंच असते. ज्याचा उसाचा फड तोडला त्या शेतकऱ्याकडं त्याच खेपेची पावती असते, कारण त्याचं बिल तिच्यावरच निघतं. तारीख आणि गाडी नंबर जुळवा. भरलेलं वजन, रिकामं वजन, वजावट वेगळी लिहून घ्या. निव्वळ टन भागिले त्या दिवशीचे कोयते. शेतकरी सहसा फोटो काढू देतो.

फडावरची:
खाड्याचं वेगळं बघा. तोड टनावर आहे, त्यामुळं सुट्टीच्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते. वरून ५०० म्हणजे दुहेरी मार. बाईच्या दुखण्यावरही तोच खाडा, आणि अर्धा कोयता, म्हणजे जोडीतलं एकच माणूस बसलं तरी पूर्ण लावतात. गाडी आली नाही, कारखाना बंद पडला, पाऊस झाला, ते दिवस खाड्यातून काढायलाच लावा. वाढ्याचे (चाऱ्याला विकलेल्या उसाच्या शेंड्यांचे) पैसे कुणी घेतले तेही विचारा.

मुकादमाच्या बाजूनं:
एकाच हंगामात दोघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्या गाडीत बसणारेही आहेत. मुकादमाची स्वतःची उचल वाहतूकदाराकडून आलेली असते, जमीन गहाण पडते. संशय उगाच नाही. पण म्हणून कोऱ्या चेकवर सह्या आणि पोरंबाळं कोपीवर (तळावरच्या झोपडीत) अडकवणं, हे वसुलीत बसत नाही.

केजचा कारकून:
बसतच नाही. माणसाला जायला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा, डांबून ठेवणं कलम १२७ खाली. आत्ता अडवलं असेल तर ११२ लावा. उचलीपोटी जाऊ देत नसतील तर १९७६ चा वेठबिगार कायदा लागतो. अर्ज तोड चालू आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडं, गावाकडं बीडला नाही. मुक्ततेचा दाखला मिळाला की ते कर्जच संपतं. अर्जात गाव, गट नंबर, गाडी नंबर, कोयत्यांची नावं आणि लेकरांची संख्या लिहा. नुसतं “अन्याय होतोय” लिहिलेला कागद टेबलावरच राहतो.