सुपरवायझर झालोय पण माणसं ऐकत नाहीत, लीडरशिप रक्तातच असावी लागते का?

भट्टीवाला: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (धातू ओतायचा कारखाना) आहे, डिप्लोमा करून सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली १४ माणसं, त्यातली तिघं-चौघं माझ्या वडलांच्या वयाची. मी काय सांगितलं की "बरं साहेब" म्हणतात आणि करतात त्यांचंच. परवा साच्याच्या वाळूत ओल जास्त वाटत होती म्हणून थांबा म्हणालो तर कुणी मान पण वर केली नाही, आणि ब्लो होलनं (वाफ अडकून ओतकामात पडणारी भोकं) १२ कास्टिंग रिजेक्ट, वरनं बोलणी खाल्ली मी. माझा थोरला भाऊ तालमीचा अध्यक्ष, तो नुसता कट्ट्यावर आला की पोरं उठून उभी राहतात, त्याला कुठं कुणी शिकवलंय? आई म्हणते तुझा पिंडच न्हाई तो. खरंच जन्मजात असतंय का हे?

पेठकरी: एका महिन्यात काय होतंय भावा. शाहू महाराज १८८४ ला दत्तक आले तेव्हा दहा वर्षांचे पण नव्हते, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. गादीवर बसले १८९४ ला. मधली दहा वर्षं राजकोटचं कॉलेज, धारवाड, फ्रेजर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास, दौरे. पुढं लगेच दुष्काळ आणि प्लेग अंगावर आला. ५० टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम निघाला १९०२ ला. घडायला वेळ लागतोच.

तांबडा_रस्सा: मग राजकोटच्या त्या कॉलेजात शिकलेली सगळी संस्थानिकांची पोरं शाहू महाराज झाली काय? आणि ताराराणी? १७०० ला राजाराम महाराज गेले तेव्हा पंचविशीच्या आसपास, औरंगजेब महाराष्ट्रातच ठाण मांडून, तो मरेपर्यंत सात वर्षं झुंजवला. कुठलं ट्रेनिंग होतं?

पेठकरी: हंबीरराव मोहित्यांची लेक ओ ती. सेनापतीच्या घरात वाढलेली. आता त्याला रक्त म्हणा नाहीतर घरातली शाळा म्हणा 😄

चिखलीकर: २०१९ च्या पुरातलं सांगतो. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी ५५ च्या वर गेलेलं. आमच्या गल्लीत पुढारी म्हणवणारे चार, सगळे फोनवर. बोट आल्यावर पुढं झाला कोण, तर डेअरीत दूध घालून घ्यायला बसणारा पोरगा, एरवी तोंडातनं शब्द निघत न्हाई. पण कुणाच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलीय, कुठल्या गोठ्यात म्हस गाभण आहे, सगळं त्याला पाठ. "आधी हे घर, मग ते" म्हणत गेला आणि बोटवाले पण त्याचंच ऐकायला लागले. पूर ओसरला, परत गप्प. जन्मजात असतं तर इतकी वर्षं कुठं होतं ते?
भट्टीवाल्या, तुझ्या भावाला एकदा भट्टीपुढं उभं कर की, बघू कोण उठून उभं राहतंय. तू आपला त्या जुन्या मिस्त्रीला जाऊन विचार, कसं बघायचं म्हणून. लाजू नको.

भट्टीवाला: विचारलं आज. काकांनी वाळू मुठीत दाबली, मोडून दाखवली, माझ्या हातात दिली, दोन-तीनदा करायला लावलं. मग म्हणाले, "ओल त्या दिवशी आमास्नीबी कळलीती. पर तू केबिनच्या दारातनं वरडलास." काय बोलणार यावर. सोमवारपास्नं नाईट आहे.