सोसायटी ग्रुप: मेलनी वाटते तशी गरीब नव्हती

ए-४०३ ताई: काल गॉन विथ द विंड हा जुना हॉलिवूड सिनेमा परत बघितला, चार तासाला थोडा कमी, झोपेचं खोबरं झालं. आमची लेक त्यातल्या स्कार्लेटवर फिदा, मला आपली मेलनीच आवडते. पण ती सोज्वळ मेलनी झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंड खऱ्या आयुष्यात स्टुडिओला कोर्टात खेचून आली होती हे माहितीये का कोणाला

बी-१०२ काका: ही तीच ना, एरॉल फ्लिनची हिरॉइन? कॅप्टन ब्लड, रॉबिन हूड

ए-४०३ ताई: हो काका तीच. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओकडे होती आणि ते तिला सारखे तेच रोल द्यायचे, गोड हसायचं आणि हिरोकडे बघत बसायचं. मेलनीचा रोल दुसऱ्या निर्मात्याचा, सेल्झनिकचा, आणि तिच्या स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर सोडायला तयार नाही, तर ही सरळ त्याच्या बायकोला चहाला भेटली आणि तिच्याकरवी काम करून घेतलं 😄

सी-२०१ दादा: ऑस्कर मिळालं का मग त्या रोलला?

ए-४०३ ताई: नाही, त्याच सिनेमात मॅमी झालेल्या हॅटी मॅकडॅनियलला मिळालं, आणि योग्यच मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय, तरी त्या रात्री तिला बाकीच्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं

बी-१०२ काका: कोर्टाचं सांग ना

ए-४०३ ताई: सांगते. करार ७ वर्षांचा, आणि रोल नाकारला की सस्पेन्ड करायचे, पगार बंद, आणि जितके आठवडे सस्पेन्ड तितके कराराच्या शेवटी वाढवायचे. म्हणजे १९४३ मध्ये ७ वर्षं संपली तरी हे म्हणतात अजून २५ आठवडे बाकी आहेत

सी-२०१ दादा: हे तर आमच्या पहिल्या कंपनीच्या बाँडपेक्षा बेकार, तिथे निदान तारीख तरी फिक्स होती 😂

ए-४०३ ताई: मग तिच्या वकिलाने कॅलिफोर्नियाचा जुना कायदा काढला, ७ वर्षांपेक्षा जास्त कोणाला करारात अडकवता येत नाही. स्टुडिओ म्हणे ७ वर्षं म्हणजे प्रत्यक्ष काम केलेली, कोर्ट म्हणालं कॅलेंडरची. डिसेंबर १९४४ ला अपील कोर्टात पण हीच जिंकली. मधल्या काळात वॉर्नरने बाकी स्टुडिओंना कळवून ठेवलेलं की हिला घेऊ नका, त्यामुळे बाई घरी, आणि तेव्हा ती लष्कराच्या हॉस्पिटलांत जखमी सैनिकांना भेटत फिरत होती

डी-३०४ वहिनी: टाकी धुणार आहेत उद्या, ११ ते २ पाणी नाही. बेटी डेव्हिसने पण केस केली होती ना स्टुडिओवर?

ए-४०३ ताई: हो वहिनी, १९३६ मध्ये लंडनला, हरली. म्हणूनच हिचं मला जास्त वाटतं, समोर हरलेलं उदाहरण होतं आणि बेटी हिच्यापेक्षा मोठी स्टार. आणि नंतर बघा, स्वतः निवडलेले रोल. टू ईच हिज ओन १९४६ ला ऑस्कर, द एअरेस १९४९ ला दुसरं, मधे मनोरुग्णालयावरचा स्नेक पिट, त्यासाठी ती खऱ्या हॉस्पिटलांत जाऊन पेशंट बघत बसायची

बी-१०२ काका: बहीण पण नटी ना, जोन फॉन्टेन? दोघींचं पटायचं नाही म्हणतात

ए-४०३ ताई: अहो एकाच वर्षी दोघींना नॉमिनेशन आणि ऑस्कर धाकटीला, सस्पिशनसाठी. पण मला त्या भांडणाचा कंटाळा येतो, बायका म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं, कायद्याला तिचं नाव पडलंय ते कोणी सांगत नाही

सी-२०१ दादा: म्हणजे डी हॅविलंड लॉ असं खरंच म्हणतात?

ए-४०३ ताई: म्हणतात ना, गाणारे बजावणारे पण त्याचा आधार घेतात आता

डी-३०४ वहिनी: किती जगली?

ए-४०३ ताई: १०४. जन्म टोकियोचा १९१६ चा, गेली पॅरिसला २०२० मध्ये. आणि वयाच्या शंभरीनंतर पण एका टीव्ही मालिकेवर केस टाकली, आपल्याला न विचारता आपलं पात्र दाखवलं म्हणून. ती मात्र हरली

बी-१०२ काका: शंभरीनंतर!! इथे आपल्याला सोसायटीच्या नोटिशीला उत्तर लिहायचा कंटाळा