मदत हवी आहे: मोडणे, तुटणे की फुटणे? (आज रात्रीच हवंय)

घाईत_आहे
मोडणे, तुटणे आणि फुटणे यांत नेमका फरक काय? शब्दकोशात एकाचा अर्थ म्हणून दुसराच दिलाय, त्याने काही सुटत नाही. सोबतच्या ताईंना 'तुटल्यास' हवंय, मला 'मोडल्यास'. मजकूर आज रात्री छपाईला जायचाय. प्लीज लवकर सांगा.

तळटीप
काय तुटल्यास? काच, दोरी, काठी, नातं? कर्ताच गाळलात तर कोण काय सांगणार?

जुनी_वही
ढोबळमानाने सांगतो. कडक, लांबट वस्तू वाकून दुभंगली की मोडते: काठी, फांदी, पेन्सिल, खुर्चीचा पाय. ताण बसून किंवा कापली जाऊन अलग झाली की तुटते: दोरी, तार, बटण, चपलेचा अंगठा. ठिसूळ किंवा पोकळ वस्तूच्या ठिकऱ्या झाल्या, आतलं बाहेर आलं, की ती फुटते: काच, माठ, अंडं, फुगा. एकाच पतंगाचा मांजा तुटतो, कागद फाटतो आणि कामटी मोडते.

बोरू
'तुटणे'च्या मुळाशी संस्कृत त्रुट्, 'फुटणे'च्या मुळाशी स्फुट्. गंमत बघा, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्या लागतात. मोडणे मात्र एकट्याने दोन्ही कामं करतं. काठी मोडली आणि त्याने काठी मोडली.

रुपये_आणे
एफडी मुदतीआधी मोडतात, तोडत नाहीत. नोटही मोडतात. पण मोडण्याआधी दंडाचं व्याज किती कापणार ते बँकेला विचारून घ्या, लोक विचारत नाहीत आणि मग हळहळतात.

घाईत_आहे
एफडीचा काय संबंध? प्रथमोपचाराचं पत्रक आहे हो. 'बोट तुटल्यास' की 'बोट मोडल्यास' एवढंच सांगा.

तळटीप
एवढंच कसं? बोट तुटलं म्हणजे हातापासून वेगळं झालं. मोडलं म्हणजे आतलं हाड मोडलं, बोट जागेवरच आहे. पत्रकात त्याखाली काय करायला सांगितलंय?

घाईत_आहे
'बोट हलवू नये. सूज चढण्याआधी अंगठी काढावी. शेजारच्या बोटाला आधार देऊन बांधावे.'

रात्रपाळी
मग 'मोडल्यास'च. मी अपघात विभागात नर्स आहे. फोनवर 'हात तुटलाय' असं सांगतात तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, हात जागेवर आहे का? 'हड्डी टूट गई' ऐकून ऐकून मराठीतही हाड तुटायला लागलंय. आणि बोट खरोखर तुटण्याबद्दल वेगळा परिच्छेद घाला: जखमेवर स्वच्छ कापड धरून घट्ट दाब द्यायचा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. भागाला थेट बर्फ लागू द्यायचा नाही. तसंच हॉस्पिटल गाठायचं.

शुद्धमती
'अस्थिभंग झाल्यास' लिहा. नेमका शब्द आहे, वादाला जागाच नाही.

रात्रपाळी
ताई, ज्याचं पोर झाडावरून पडलंय त्याला अस्थिभंग वाचून अर्थ लावत बसायला वेळ नसतो. त्यापेक्षा फ्रॅक्चर लवकर कळतं.

शुद्धमती
अशाने मराठी शब्द रुळणार कधी?

जुनी_वही
'हाड मोडणे' हे मराठीच आहे की!

ओसरी
बांगडी फुटली असं मात्र म्हणू नका. वाढली म्हणावं. नारळसुद्धा वाढवतात.

घाईत_आहे
पत्रकात बांगड्या नाहीत.

चौकस
पण 'बोटं मोडणे' म्हणजे तर शिव्याशाप देणे. वाचणाऱ्याचा गोंधळ नाही होणार?

जुनी_वही
त्याला कोणाच्या तरी नावाने, कडाकडा आणि अनेकवचनी बोटं लागतात. तरी 'बोटाचे हाड मोडल्यास' लिहा, शंकाच उरणार नाही.

घाईत_आहे
हे घेतलं, ताईंनाही पटलं. आता 'दात तुटल्यास' आणि 'डोके फुटल्यास'?

रात्रपाळी
दात अख्खा बाहेर आला असेल तर 'निखळल्यास', तुकडा उडाला असेल तर 'दाताचा तुकडा पडल्यास'. पक्का दात असेल तर मुळाला हात न लावता चावण्याच्या बाजूने धरावा, दुधात ठेवावा आणि ताबडतोब दंतवैद्याकडे जावं. डोक्याचं बदला. खोक पडली तरी लोक डोकं फुटलं म्हणतात. 'डोक्याला जखम झाल्यास' लिहा.

शुद्धमती
निखळतो तो सांधा. दात 'मुळासकट पडल्यास' म्हणा.

रात्रपाळी
हे चांगलं आहे. तेच लिहा.

घाईत_आहे
शेवटचं. एका ठिकाणी 'पायात काटा मोडल्यास' आहे. ताई म्हणतात, काटा मोडला तर मोडला, 'रुतल्यास' करा.

जुनी_वही
थांबा, बदलू नका! रुतला म्हणजे आत गेला, पण सगळा दिसतोय, ओढून काढता येतो. पायात काटा मोडला म्हणजे टोक आतच राहिलं. शेतात काम करणारा माणूस या दोहोंत कधी गल्लत करत नाही. दोन्हींसाठी वेगळ्या ओळी हव्यात.

रात्रपाळी
बरोबर. टोक वर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने, ज्या कोनात आत गेलं त्याच कोनात बाहेर ओढावं. खोल असेल तर कोरत बसू नये, दवाखाना. आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं लिहिलंय का?

घाईत_आहे
नाही. टाकते. दोन्ही ओळी वेगळ्या केल्या, पाठवतेय.

रुपये_आणे
नोटेचं राहिलं. फाटकी नोट मोडत नाहीत, बदलून घेतात.