आय-१३० (नातेवाईकाला अमेरिकेत कायमचं बोलावण्याचं पिटिशन) अडकलेला असताना बी-२ (पर्यटक व्हिसा) वर अमेरिकेला जाऊन येता येतं का?

गोदाकाठ
बहिणीचं लग्न फेब्रुवारीत झालं. मेहुणे अमेरिकन नागरिक, न्यू जर्सीत असतात. त्यांनी आय-१३० भरलाय, पावती आली, पुढे काही हललेलं नाही. बहीण नाशिकला बँकेत नोकरी करते. दिवाळीत तीन-चार आठवडे जाऊन यायचं म्हणते. आधी कधी व्हिसा काढलेला नाही. एक एजंट सांगतो, फॉर्ममध्ये पिटिशनचा उल्लेखच करू नका. दुसरा म्हणतो, एकदा पोचली की तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज टाका. दोन्ही पटत नाही. शिवाय बी-२ नाकारला गेला तर आय-१३० वर परिणाम होतो का?

हडसनपार
पहिल्या एजंटाचं अजिबात ऐकू नका. डीएस-१६० म्हणजे बी-२ साठीचा ऑनलाइन फॉर्म, त्यात थेट प्रश्न आहे: तुमच्यासाठी कोणी यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट पिटिशन दाखल केलंय का? उत्तर "हो" हेच द्यायचं. पिटिशन त्यांच्याच यंत्रणेत नोंदलेलं असतं, आणि त्याच फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव आणि तो अमेरिकन नागरिक असल्याचंही लिहावं लागतं. "नाही" लिहिलं आणि ते खोटी माहिती म्हणून धरलं गेलं, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. मग तिचा बायको म्हणून मिळणारा इमिग्रंट (कायम वास्तव्याचा) व्हिसाही अडकतो. तो सोडवायला आय-६०१ भरून माफी मागावी लागते, आणि बायको आली नाही तर नवऱ्याला असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. चार आठवड्यांच्या भेटीसाठी एवढी जोखीम कशाला?

"हो"च्या खाली खुलाशाची चौकट येते. तिथे दोन ओळी पुरतात: नवऱ्याने अमुक महिन्यात आय-१३० दाखल केला, तो प्रलंबित आहे, इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईत देणार, ही भेट तीन आठवड्यांची. मेहुण्यांना विचारा, आय-१३० मध्ये पुढची प्रक्रिया कुठे करणार या प्रश्नाला मुंबईची वकिलात लिहिलीय ना? तसं असेल तर "परत येऊन इथेच मुलाखत देणार" या म्हणण्याला कागदाचा आधार मिळतो.

नकार सहसा अमेरिकन इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली येतो: परत येण्याची खात्री पटली नाही. त्यावर अपील नाही, पुन्हा १८५ डॉलर भरून नव्याने अर्ज करता येतो. आय-१३० वर त्याचा परिणाम होत नाही, कारण तिथे मुख्यतः लग्न खरं आहे का हे तपासतात. फक्त यापुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो नकार सांगायचा. आणि हेही स्पष्ट लिहितो, नवरा तिकडे आणि पिटिशन चालू असताना नकाराची शक्यता बरीच असते. मिळणारच असं धरून तिकीट काढू नका.

कागदवाली
नोकरी ही तुमच्या बहिणीची सगळ्यात भक्कम बाजू. बँकेचं पत्र घ्या: पद, कधीपासून नोकरी, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मंजूर, रुजू व्हायची तारीख. "ना हरकत" एवढंच लिहिलेलं पत्र कुचकामी. सोबत पगाराच्या तीन स्लिपा. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकते, कागद बघतीलच असं नाही, म्हणून तेच तोंडी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

व्हिसा मिळाला तरी खरी परीक्षा नेवार्क विमानतळावर उतरल्यावर, कारण आत घ्यायचं की नाही हे तिथला सीबीपी (अमेरिकेचं सीमा तपासणी खातं) अधिकारी ठरवतो. कोणाकडे, किती दिवस, ग्रीन कार्डाचं काय, एवढेच प्रश्न. "नवऱ्याकडे आलेय, अमुक तारखेला परत जाणार, पिटिशन चालू आहे, मुलाखत मुंबईला." बस्स. "मैत्रिणीकडे आलेय" असलं काही नको.

बॅग उघडतात, फोनही बघू शकतात. पदवीच्या मूळ प्रती, लसीकरणाची सगळी कार्डं, चारही ऋतूंचे कपडे निघाले तर पाहुणी कोण म्हणेल? व्हॉट्सॲपवर "आत आलीस की बाकीचं तिथे बघू" असा मेसेज असेल तर संपलंच. परत पाठवायचं ठरलं तर प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ देतात का, हे विचारायचं. त्यात व्हिसा सहसा रद्द होतो, पण तात्काळ हद्दपारीच्या आदेशाने येणारी पाच वर्षांची बंदी टळते. मागे घेऊ द्यायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात. जबाबावर सही करण्याआधी नीट वाचायचा, इंग्रजी समजत नसेल तर दुभाषी मागायचा.

हडसनपार
दुसऱ्या एजंटाबद्दल. अमेरिकेत राहून आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरायची सोय आहे, पण तिथेच राहायचं आधीच ठरवून पर्यटक म्हणून उतरणं हे फसवणुकीत मोडतं. नव्वद दिवस थांबून अर्ज टाकला की चालतं असं जे फिरतं ते चूक आहे. तो अमेरिकन परराष्ट्र खात्याचा आडाखा आहे, सूट नव्हे. नवरा नागरिक असेल तर आय-४८५ च्या वेळी मुक्कामाची मुदत ओलांडल्याकडे दुर्लक्ष होतं, खोटं बोलण्याकडे होत नाही. नवरा फक्त ग्रीन कार्डवाला असेल तर मुदत ओलांडणंही सहसा महागात पडतं.

गोदाकाठ
सगळं लक्षात आलं, आभार. ती गरज पडली तर तिथून लॅपटॉपवर थोडं काम करणार होती. आणि लग्नानंतर पासपोर्टावर नाव बदलायचंय, ते आधी की नंतर?

कागदवाली
काम नको, बी-२ वर नोकरीची परवानगी नाही. रजा म्हणजे रजा. नाव बदलायचंच असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी बदला, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळीकडे एकच नाव राहील. मग नवा पासपोर्ट नंबर मेहुण्यांनाही कळवा, पुढे डीएस-२६० मध्ये (इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म) तोच लागेल. लग्नाच्या दाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या साइटवरून आय-९४ (प्रवेशाची आणि राहायच्या मुदतीची नोंद) उतरवून घ्या. सहसा सहा महिने देतात, तरी तीन आठवडे सांगितलेत तर तीन आठवड्यांतच परत यायचं. परतीचा बोर्डिंग पास जपून ठेवा, मुंबईच्या मुलाखतीत दाखवता येईल.