शंकरपटाच्या फ्लेक्सवर रुंद, तिरकी अक्षरं चालतात का?

फ्लेक्सवाला, लाखनी
गावच्या पटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, फ्लेक्स यंदा मी केलं. 'शंकरपट' हा शब्द जाड, रुंद आणि उजवीकडे कललेला, दहा फुटांच्या पूर्ण रुंदीत. जोडी सुटते तेव्हा बैलांच्या माना कशा पुढं ताणलेल्या असतात! तो जोर उभ्या अक्षरात येतच नाही. रोमनमध्ये ही घडण जुनी आहे. इटलीच्या आल्डो नोव्हारेसे यांनी १९६२ साली 'युरोस्टाइल' हा फॉन्ट काढला, कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखा. त्याची रुंद अक्षरं आजही आधुनिक वाटतात. मंडळातले काही जण म्हणतात, वाचता येत नाही. मला ते पटत नाही.

पेंटर, साकोली
भाऊ, मी ते फ्लेक्स पाहिलं. तुम्ही रुंद फॉन्ट वापरला नाही, साधा फॉन्ट कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढला. आडवं ओढलं की काना जाड होतो, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच बारीक राहते. 'क'चं पोट चपटं होतं. वरून तिरकं केलं की शिरोरेषा सरळ आणि खालचं सारं कललेलं, दोरीवरचं धोतर वाऱ्यानं एका बाजूला जावं तसं. माझे वडील ब्रशनं तिरपं लिहायचे. आधी खडूच्या तिरक्या रेघा मारायचे, मग प्रत्येक वेलांटी त्या कलात हातानं बसवायचे. म्हणून ते अक्षर पळायचं.

शिक्षिका, तुमसर
मला तर मुळातच तिरकं नको. रोमनमधली तिरकी अक्षरं १५०१ साली व्हेनिसला आल्डस मानुतियस या छापखानेवाल्यानं छोट्या पुस्तकांसाठी छापात आणली, तिथल्या हातलिखाणाच्या वळणावरून. आपल्या बोरूच्या वळणात तो कल नाही, मग उसना काऊन घ्यायचा? आणि त्या फ्लेक्सवर 'बक्षीस वितरण' रुंदीत मावलं नाही म्हणून बारीक केलंय. 'क्ष'मधली जागा पार बुजली. माझ्या सासूबाईंना रस्त्यावरून ती ओळ लागलीच नाही.

धुरकरी, भंडारा
ताई, बक्षिसाचं खरं आहे. पण पट म्हणजे वेग. दहा-बारा सेकंदांत सारं संपतं. नाव उभं लिहिलं तर ते कीर्तनाचं फ्लेक्स वाटेल. पोरं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढत होती, हे मी पाहिलं.

फ्लेक्सवाला, लाखनी
ओढला, हे खरं. बक्षिसाची ओळही चुकलीच, ती उभ्या साध्या अक्षरात करतो. पण नाव तिरकंच राहील.

पेंटर, साकोली
मग 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'अनेक देवनागरी' फॉन्ट घ्या, फुकट आहे. त्यात रुंदी आखूनच दिलेली आहे, त्यामुळं काना-शिरोरेषेचा तोल सुटत नाही. कल मात्र तुम्हालाच द्यावा लागेल. थोडाच द्या, आणि अनुस्वार, वेलांट्या हातानं सरकवा. प्रिंट काढून आणा, रविवारी मी दुकानात आहे.

शिक्षिका, तुमसर
मी अजून उभ्याच बाजूची. पण प्रिंट इथंही टाका, सासूबाईंना दाखवते.