पालकांनी हात वर केले तर फाफ्सानं मुलाला स्वतंत्र धरावं का?

उंबरठा
अमेरिकेत कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, भरताना मूल 'डिपेंडंट' ठरलं की पालकांचं उत्पन्न आणि मालमत्ता दाखवावीच लागते. २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ पूर्वी जन्मलेला, विवाहित, पदव्युत्तर शिकणारा, लष्करात असलेला किंवा राहिलेला, स्वतःचं मूल पोसणारा, वयाच्या १३ नंतर अनाथ, फॉस्टर केअरमध्ये (सरकारनं सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात) किंवा कोर्टाच्या ताब्यात राहिलेला, कोर्टानं पालकांपासून कायदेशीर मुक्त केलेला किंवा ज्याला कोर्टानं गार्डियन नेमलाय, असा विद्यार्थी स्वतंत्र. बेघर मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. बाकी सगळे डिपेंडंट, मग ते स्वतःच्या पगारावर वेगळे राहत असले तरी.

माझं म्हणणं, हा नियम अन्यायाचा आहे. १८ व्या वर्षी मतदान चालतं, लीजवर सही चालते, पण वडील म्हणाले "मी फॉर्म भरणार नाही", की पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत, कमाल ७,३९५ डॉलर) आणि वर्क-स्टडी (सरकारी मदतीतून मिळणारं अर्धवेळ काम) दोन्ही गेले. उरतं ते फक्त अनसब्सिडाइज्ड कर्ज (शिकत असतानाही ज्यावर व्याज चढतं ते), पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर. तेही कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसनं मान्य केलं तर, आणि त्यासाठी पालकांनीच लिहून द्यायचं की आम्ही पाठिंबा थांबवलाय. जो माणूस फॉर्म भरत नाही तो हे पत्र लिहून देईल? (आणि गंमत बघा, हेच मूल फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी लग्न करून आलं तर स्वतंत्र!)

ताळेबंद
असहमत. नकार हेच कारण चालणार असेल तर उद्यापासून पैसेवाल्या घरांतले सगळे पालक नकार देतील. मुलाचा खर्च आधी आईवडिलांचा, मग सरकारचा, या पायावर ही मदत उभी आहे. तो पाया काढला तर खऱ्या गरजूंच्या वाट्याचं पातळ होणार.

दुसरं म्हणजे, बहुतेक नकार गैरसमजातून येतात. तीन गोष्टी त्या पालकाला सांगून बघा:

१. फॉर्मवर सही म्हणजे फी भरायची हमी नव्हे. कर्जाला जामीन राहणंही नव्हे.
२. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून, येणारे आकडे थेट फॉर्ममध्ये जातात. ते ना मुलाला दिसतात, ना घटस्फोटित जोडीदाराला. "तिला माझा पगार कळेल" हीच भीती बऱ्याच ठिकाणी मुळाशी असते.
३. आयआरएसकडून माहिती घ्यायला संमती दिली नाही, तर बाकी फॉर्म पूर्ण भरूनही संघीय मदत शून्य. ज्यानं त्या वर्षी टॅक्स भरलाच नाही त्यालाही संमती द्यावीच लागते.

यातला तिसरा मुद्दा माहीत नसल्यामुळे किती फॉर्म अडकतात, त्याला सुमार नाही.

पै_पै
मला वाटतं तुम्ही दोघेही एक पायरी गाळताय. नकार देणारा पालक फॉर्मवर हवाच आहे का, हे आधी बघा.

आईवडील घटस्फोटित किंवा विभक्त असतील आणि एका छपराखाली राहत नसतील, तर फक्त एकच पालक लागतो. २०२३-२४ पर्यंत, मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं तो. २०२४-२५ पासून, मागच्या १२ महिन्यांत ज्यानं मुलावर जास्त खर्च केला तो. खर्च अगदी सारखा असेल तर ज्याचं उत्पन्न किंवा मालमत्ता जास्त तो. मुलाचा ताबा कोर्टानं कुणाला दिला, टॅक्स रिटर्नवर मूल कुणी दाखवलं, याचा इथे काही संबंध नाही. लोक अजून जुन्याच नियमानं सल्ले देतात.

दोन सापळे. विभक्त असून एकाच घरात राहत असाल तर दोघांचीही माहिती लागते. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या आईवडिलांचंही तसंच. आणि फॉर्मवरच्या पालकानं पुन्हा लग्न केलं असेल तर नव्या जोडीदाराचं उत्पन्नही धरलं जातं. "आमचा विवाहपूर्व करार आहे, याच्या मुलांचा खर्च मी करणार नाही" हे तिथे ऐकलं जात नाही.

उंबरठा
पै_पै, नव्या नियमानं तर उलट गोची वाढवलीय. मूल आईकडे राहतं, वडील महिन्याला १,८०० डॉलर चाइल्ड सपोर्ट (मुलाच्या खर्चाचे पैसे) देतात असं धरा. वर्षाचे २१,६०० वडिलांच्या खात्यात मोजायचे. आईनं ते पैसे सोडून स्वतःच्या खिशातून २१,६०० च्या वर घातले असतील तरच ती फॉर्मवर. नाही तर वर्षातून दोनदा भेटणारे वडील आणि त्यांची नवी बायको या मुलाची 'आर्थिक ताकद' ठरवणार! आधीचा नियम निदान मोजायला सोपा होता, कॅलेंडर पुरायचं.

पै_पै
मोजायला अवघड आहे हे मान्य. म्हणून तर वही ठेवा म्हणते. घरभाड्यातला मुलाचा हिस्सा, किराणा, आरोग्य विमा, फोन, कपडे, गाडीचा हप्ता, क्लास, सगळं महिनावार. १२ महिने मोजायचे ते फॉर्म भरायच्या दिवसापासून मागे, टॅक्सच्या वर्षाचे नव्हेत. उत्पन्न मात्र दोन वर्षं जुनं, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चं रिटर्न. या दोन तारखांचा घोळ सर्रास होतो.

चाइल्ड सपोर्ट घेणारा पालक फॉर्मवर असेल तर ती रक्कम आता उत्पन्नात नाही, मालमत्तेत दाखवायची. फरक मोठा आहे. पालकांच्या मालमत्तेचे १२ टक्के हिशोबात येतात आणि त्यावर जास्तीत जास्त ४७ टक्के, म्हणजे शंभरातले फार तर साडेपाच-पावणेसहा. त्यामुळे ही रक्कम लपवण्यात अर्थ नाही.

ताळेबंद
लपवण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कमी कमावणाऱ्या पालकाचं नाव लागावं म्हणून कागदावर खर्च इकडचा तिकडे करायचे सल्ले फिरतात. खरंच वर्षभर आधीपासून खर्च आईनं उचलला तर तो नियमातच आहे. पण फॉर्म भरायच्या आठवड्यात पावत्या जुळवणं म्हणजे खोटी माहिती. सहीखाली लिहिलेलं असतं, २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही. आणि अर्ज व्हेरिफिकेशनला, म्हणजे पडताळणीला, निवडला गेला तर कॉलेज कागद मागतं.

दप्तरदार
मूळ प्रश्नाकडे येतो. उंबरठा म्हणतात तो अन्याय काही प्रमाणात खरा आहे, पण दार पूर्ण बंद नाही. कायद्यानं कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला दोन वेगळे अधिकार दिलेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एक, स्पेशल सर्कमस्टन्सेस. इथे पालक आहेत, फॉर्मही भरलाय, पण २०२४ चे आकडे आज खरे नाहीत. नोकरी गेली, आजारपणाचा खर्च, फॉर्म भरल्यावर घटस्फोट झाला. ऑफिस आकडे बदलू शकतं. सोबत नोकरी संपल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचा कागद, दवाखान्याची बिलं द्यायची.

दोन, अनयुज्युअल सर्कमस्टन्सेस. पालकांशी संपर्क नाही किंवा संपर्क ठेवणं धोक्याचं आहे, म्हणजे मारहाण, छळ, सोडून देणं, पालक तुरुंगात असणं. इथे विद्यार्थ्यालाच स्वतंत्र ठरवता येतं. फॉर्मवर त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पालकांचा भाग न भरता अर्ज जातो आणि विद्यार्थी तात्पुरता स्वतंत्र धरला जातो. पण पुढचं काम कॉलेजकडे स्वतःहून जाऊन करावं लागतं. 'हो' वर टिक केली आणि वाट पाहत बसलं, तर अर्ज तिथेच पडून राहतो. निर्णय शक्य तितक्या लवकर, आणि फार तर प्रवेशानंतर ६० दिवसांत द्यावा लागतो. एकदा मान्य झालं की त्याच कॉलेजात पुढच्या वर्षी ते गृहीत धरतात, परिस्थिती बदलली नसेल तर. कॉलेज बदललं की मात्र पुन्हा पहिल्यापासून.

फक्त "पालक पैसे देत नाहीत", "पालक फॉर्म भरत नाहीत", "रिटर्नवर माझं नाव नाही", "मी स्वतःच्या पायावर उभा आहे" या चार कारणांवर, एकेकट्या किंवा चारही एकत्र, ओव्हरराइड (म्हणजे डिपेंडंट मुलाला ऑफिसनं स्वतंत्र ठरवणं) देता येत नाही. यांच्या मागे तुटलेलं नातं असेल तर ते सांगायला हवं, आणि तिथेच पत्रं चुकतात. मुलं पानभर पैशांबद्दल लिहितात आणि मारहाणीबद्दल एक ओळ, तीही संकोचानं.

पत्र एका पानाचं पुरे. शेवटचा संपर्क कधी व कसा झाला, तेव्हापासून कुठे राहतोय, खर्च कोण करतं, परत जाणं का शक्य नाही. तारखा घाला. सोबत परिस्थिती माहीत असलेल्या त्रयस्थाचं पत्र, म्हणजे शाळेचे काउन्सेलर, समाजसेवक, वकील, डॉक्टर, धर्मगुरू. मित्राच्या आईचं पत्र एकटं पुरत नाही, पण वरच्यांपैकी एकासोबत त्याला वजन येतं. कोर्टाचा आदेश, पोलिसांकडची नोंद असेल तर जोडा. कागद नसतील तर ऑफिस मुलाखत घेऊन तिची नोंद करू शकतं, हे विचारायला लाजू नका. "आमच्याकडे ओव्हरराइड देतच नाहीत" असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही.

सातासमुद्रापार
आपल्या लोकांत वेगळाच प्रकार असतो तो सांगते. मूल अमेरिकन नागरिक, आईवडील भारतात परतलेले, आणि मूल मामाकडे राहून शिकतंय. मामा पालक नाही. आजीही नाही. दत्तक घेतलं असेल तरच. लीगल गार्डियनही पालक धरला जात नाही, पण विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे तिथल्या कोर्टानं तो नेमला असेल तर मूल स्वतंत्र ठरतं. पुण्यातून नोटरी करून आणलेलं प्रतिज्ञापत्र इथे शोभेचं.

भारतातल्या पालकांचीच माहिती भरायची. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी त्यांना फाफ्सासाठीचं ऑनलाइन खातं काढता येतं, मात्र ओळख पटवायला वेळ जाऊ शकतो, म्हणून फॉर्मच्या आधी काढा. पगार रुपयांत असेल तर फॉर्म भरायच्या दिवसाच्या दरानं डॉलर करा. राहतं घर दाखवायचं नाही, पण भाड्यानं दिलेला दुसरा फ्लॅट दाखवायचा. नावांचा घोळ तर ठरलेला. सोशल सिक्युरिटी कार्डवर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. खात्यात कार्डावरचंच घाला.

आणि मूल स्वतः एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर संघीय मदत नाहीच, हे आधी समजून घ्या. पालक एच-१बी वर आणि मूल नागरिक असेल तर मात्र पालकांचा व्हिसा आड येत नाही.

पै_पै
खासगी कॉलेजांसाठी सीएसएस प्रोफाइलचा (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा अर्ज) वेगळा फेरा. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर माफ. तिथे बऱ्याच कॉलेजांना घटस्फोटित असलात तरी दोन्ही पालक लागतात. संपर्कच नसेल तर नॉन-कस्टोडियल वेव्हर (दुसऱ्या पालकाची माहिती न देण्याची सूट) मागायचा, प्रत्येक कॉलेजकडे वेगळा. एकानं दिला म्हणून दुसरं देईल असं नाही. "कोर्टाच्या निकालात वडिलांवर कॉलेजचा खर्च नाही" हे कारण तिथे चालत नाही. वेव्हर नाकारला गेला तर ऐनवेळी दुसऱ्या पालकाचा फॉर्म कुठून आणणार? म्हणून अर्जाच्या मुदतीआधी महिनाभर तरी मागा.

उंबरठा
दप्तरदारांचं सगळं वाचलं. तरी माझा आक्षेप तसाच आहे. मारहाण सिद्ध करता येते, बेपत्ता बाप दाखवता येतो. पण त्याच गावात राहणारा, सणाला फोन करणारा आणि फॉर्मवर सही न करणारा बाप कुठल्या रकान्यात बसतो?

ताळेबंद
कुठल्याच नाही, हे खरं. तिथे मूल ५,५०० च्या कर्जावर अडकतं, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००, एकूण ३१,००० पर्यंत. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना स्वतंत्र धरा, हे मला अजून पटत नाही. आणि सही केली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. जुलै २०२६ पासून नव्या कर्जदार पालकांच्या प्लस कर्जालाही (पालकांनी स्वतःच्या नावावर काढायचं संघीय कर्ज) वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे ६५,००० ची मर्यादा आहे.

दप्तरदार
उंबरठा, त्या मुलानं दोन कामं करावीत. ऑफिसकडून 'फक्त अनसब्सिडाइज्ड' चा मार्ग मागून घ्यावा, आणि पालक लिहून देत नसतील तर तसं सांगणारं त्रयस्थाचं पत्र चालेल का ते विचारावं. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढली तर ती कर्जाची रक्कम बऱ्याच ठिकाणी फीला पुरते.

उंबरठा
पुरते, पण पेल मिळालं असतं तर ते कर्ज काढावंच लागलं नसतं.